जर्मनीत राहून मित्रांसोबत शनिवार-रविवारची युरोप सहल: तिकिटाआधीची आणि नंतरची कामे, योग्य क्रमाने

जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींच्या सहली बहुधा एकाच कारणाने फसतात. कुणाला तरी 20 युरोंचे विमानाचे तिकीट दिसते, ते ग्रुपवर येते, चार जण ‘चालेल’ म्हणतात आणि तासाभरात पैसे भरले जातात. त्यानंतर एकेक गोष्ट समोर येते: एकाचे रेसिडेन्स परमिट नूतनीकरणाला गेलेले असते, दुसऱ्याची सोमवारी सकाळी परीक्षा असते, विमानतळ शहरापासून 80 किलोमीटरवर निघतो आणि राहायची जागा तिकिटाच्या पाचपट महाग पडते. ही सगळी माहिती आधीही उपलब्ध होती. ती चुकीच्या क्रमाने विचारली गेली. खालील मांडणीत तिकीट पाचव्या टप्प्यावर येते, आणि त्याआधीचे चार टप्पे नीट पार पडले तर पुढचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

हा लेख भारतीय पारपत्र असलेल्या, जर्मनीत राहणाऱ्या आणि तीन ते सहा जणांच्या गटाने शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतणाऱ्यांसाठी आहे. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसातील सीमांवरची नियमित तपासणी उठवलेल्या युरोपीय देशांपैकी, दुसऱ्या देशात राहणाऱ्यांना कागदपत्रे आणि मुक्कामाविषयीचा बराचसा भाग तसाच लागू पडेल. रेल्वे, विमा आणि वाहन परवान्याचे नियम मात्र त्या त्या देशाचे पाहावेत.

टप्पा 1: प्रत्येकाची कागदपत्रे, ठिकाण ठरवण्याआधी

शेंगेन क्षेत्रात आज 29 देश आहेत. जर्मनीचे वैध रेसिडेन्स परमिट आणि वैध पारपत्र जवळ असेल, तर उरलेल्या शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत मिळून 90 दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. नुकतेच आलेले आणि अजून परमिटचे कार्ड न मिळालेले विद्यार्थी ज्या राष्ट्रीय व्हिसावर, म्हणजे डी व्हिसावर आलेले असतात, त्यावरही त्याच्या मुदतीत हीच सवलत असते. शनिवार-रविवारच्या सहलींत 90 दिवसांची मर्यादा ओलांडली जाणे अवघड आहे. चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी.

पहिली चूक युरोपीय संघ आणि शेंगेन यांना एकच समजण्याची आहे. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. उलट स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आला, तर रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या जमिनीवरील सीमांची तपासणी 1 जानेवारी 2025 पासून उठली. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून हे देश गाळण्याचे कारण उरलेले नाही. लंडन किंवा डब्लिन मनात असेल, तर त्यांचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि ते बेत दोन महिने आधीच वेगळे काढून ठेवावेत.

दुसरी चूक अधिक महाग पडते. परमिटची मुदत संपत आली आणि आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, अर्ज प्रलंबित असला, की मधल्या काळासाठी ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ नावाचे प्रमाणपत्र मिळते. ते हातात आले म्हणजे प्रवासाला मोकळीक मिळाली, असा समज सर्रास आढळतो. प्रमाणपत्राच्या आत निवास कायद्याच्या 81व्या कलमातील वेगवेगळे पर्याय छापलेले असतात आणि त्यांपैकी एकावर खूण केलेली असते. चौथ्या पोटकलमावर खूण असेल, तर जुने परमिट चालू असल्याचे मानले जाते आणि पारपत्र व मुदत संपलेले जुने कार्ड यांच्यासह बाहेर जाऊन परत येता येते. तिसऱ्या पोटकलमावर खूण असेल, तर ते प्रमाणपत्र केवळ जर्मनीत राहण्यापुरते असते. त्यावर बाहेर गेल्यास परत येण्याचा अधिकार मिळत नाही. खूण कुठे आहे हे ज्याचे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि शंका असेल तर कार्यालयाला लेखी विचारून उत्तर हाती येईपर्यंत जर्मनीतल्याच शहराचा बेत करावा. कोलोन, ड्रेस्डेन किंवा लुबेक पाहण्यात दोन दिवस उत्तम जातात.

सावधान: रेल्वेत किंवा बसमध्ये कुणी तपासत नाही, ही समजूत आता सोडून द्यावी. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी लागू केली आणि ती पुढे वाढवत नेली आहे. प्रत्यक्षात पोलीस परतीच्या गाडीत चढतात आणि मूळ पारपत्र व मूळ कार्ड मागतात. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स मूळ कागदपत्रांची जागा घेत नाही.

तपासणी: गटातल्या प्रत्येकाने पारपत्राची आणि परमिटची अंतिम तारीख ग्रुपवर लिहावी. ‘माझे ठीक आहे’ हे उत्तर मोजू नये, तारीखच लिहायची.

टप्पा 2: माणसे, तारीख आणि खर्चाची मर्यादा

या प्रकारच्या सहलीला चार किंवा पाच जण सर्वांत सोयीचे. जर्मनीतील अनेक प्रादेशिक गट-तिकिटे पाच जणांपर्यंत चालतात, एका टॅक्सीत चार जण बसतात, भाड्याच्या घरात दोन खोल्या पुरतात आणि जेवणासाठी टेबल शोधताना कुणी उभे राहत नाही. सात-आठ जण झाले, की प्रत्येक निर्णयाला अर्धा तास जातो आणि दोन दिवसांच्या सहलीत असे दहा अर्धे तास परवडत नाहीत. मोठा गट असेल, तर सुरुवातीलाच दोन तुकड्या करून रात्रीचे जेवण तेवढे एकत्र ठेवावे.

तारीख ठरवताना परीक्षा आणि शिफ्ट यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गुरुवारी येणारी सुटी, उदाहरणार्थ ख्रिस्ती हिमेलफार्ट, जोडून शुक्रवारची रजा घेतली की चार दिवस मिळतात. पण सगळा जर्मनी हाच विचार करत असल्याने त्या दिवसांतली तिकिटे आणि खोल्या फार लवकर संपतात. शिवाय काही सुट्या राज्यानुसार बदलतात: फ्रोनलायखनाम बायर्नमध्ये असते, बर्लिनमध्ये नसते. गटातले मित्र वेगवेगळ्या राज्यांत राहत असतील, तर हे विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट घड्याळाची आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे तीन वाजतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे दोन. मार्चमधल्या त्या रविवारी सकाळी लवकरची गाडी किंवा विमान घेऊ नये.

पैशांविषयी बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो आणि त्याचा त्रास नेमका त्या मित्राला होतो, ज्याच्याकडे महिन्याचे ठरावीक पैसे असतात. विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा एक निश्चित रक्कमच सुटते. नोकरी करणाऱ्या मित्राने सुचवलेले हॉटेल त्याला परवडत नसते आणि तो ते बोलून दाखवत नाही. म्हणून प्रत्येकाने आपली कमाल मर्यादा ग्रुप चालवणाऱ्याला खासगीत कळवावी आणि सर्वांत कमी आकडा हीच गटाची मर्यादा मानावी. त्या आकड्यात प्रवास, मुक्काम, स्थानिक वाहतूक, प्रवेशशुल्क आणि जेवण हे सगळे धरलेले असावे.

याच टप्प्यावर कामे वाटून टाकावीत. एकाने प्रवासाची तिकिटे पाहायची, एकाने मुक्काम, एकाने हिशेब. ‘सगळे मिळून बघू’ असे ठरले, की शेवटी एकच माणूस सर्व करतो आणि सहलीत दमलेला असतो.

टप्पा 3: ठिकाण निवडणे, दारापासून दारापर्यंतचे तास मोजून

ठिकाण किलोमीटरवर किंवा तिकिटाच्या किमतीवर निवडू नये. आपल्या खोलीच्या दारापासून तिथल्या मुक्कामाच्या दारापर्यंत किती तास लागतात, हे एकच माप वापरावे. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतायचे असेल, तर एका बाजूचा प्रवास पाच तासांच्या आत असावा, असे माझे ठाम मत आहे. त्यापलीकडच्या शहरांना एखादी रजा जोडावी.

या मापाने पाहिले, तर रेल्वेने जाण्याजोगी शहरे प्रत्येकाच्या जवळ निघतात. ड्रेस्डेनहून प्राग सुमारे अडीच तास आहे आणि बर्लिनहून साडेचारच्या आसपास. कोलोनहून ब्रसेल्स दोन तासांच्या जवळपास, तर ॲम्स्टरडॅम तीनच्या आत-बाहेर. फ्रँकफुर्टहून स्ट्रासबुर्गला थेट गाडीने दोन तासांच्या आसपास लागतात. म्युनिकहून साल्झबुर्ग प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आसपास आणि व्हिएन्ना वेगवान गाडीने चार तास. फ्रायबुर्गकरांना बाझेल तर तासाभराच्या आत आहे.

आता विमानाचा हिशेब करून पाहावा. उड्डाण दीड तासाचे असले, तरी विमानतळावर पोचायला दीड तास, तिथे दोन तास आधी हजर राहणे आणि पलीकडे उतरून शहरात जायला आणखी तास-सव्वा तास, असे सहा तास सहज होतात. स्वस्त विमाने ज्या विमानतळांवर उतरतात ते नावाला शहराचे असतात: फ्रँकफुर्ट-हान हा फ्रँकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, मेमिंगेन म्युनिकपासून 110 किलोमीटरच्या आसपास आणि बोव्हे पॅरिसपासून 80 किलोमीटरहून लांब. विमानतळाच्या बसचे जाण्या-येण्याचे भाडे तिकिटाच्या किमतीत मिळवल्याशिवाय विमान स्वस्त आहे, असे म्हणू नये.

दोन दिवसांत एकच शहर करावे. प्राग आणि व्हिएन्ना, किंवा ब्रसेल्स आणि ॲम्स्टरडॅम, अशी जोडी कागदावर जमते, पण शनिवारी दुपारी सामान घेऊन पुन्हा स्थानकावर जाण्यात दिवसाचा सर्वांत चांगला भाग खर्च होतो. दुसरे गाव हवेच असेल, तर मुक्काम न हलवता अर्ध्या दिवसात जाऊन येण्यासारखे निवडावे. ब्रसेल्सला राहून गेंट तसे होते.

टप्पा 4: मुक्काम, रद्द करता येईल असा

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी विनाशुल्क रद्द करता येईल अशी खोली राखून ठेवावी, मग परत न मिळणाऱ्या पैशांचे प्रवासतिकीट काढावे. उलटे केले, तर तिकीट हाती आल्यावर कळते, की त्या शनिवारी शहरात मोठे प्रदर्शन किंवा ख्रिसमस बाजार आहे आणि डॉर्मिटरीतला एक पलंगही हॉटेलच्या भावाने जातो आहे. खोली रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ हिशेब पाहणाऱ्याने कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी.

किंमत पाहताना शेवटच्या पानावरचा आकडा पाहावा. एका रात्रीसाठी घर भाड्याने घेतले, तर सफाईचे शुल्क भाड्याइतके होऊ शकते. दोन रात्रींना ते विभागले जाते. शहराचा पर्यटक-कर अनेकदा वेगळा आणि तिथे पोचल्यावर द्यावा लागतो: प्रागमध्ये तो माणशी प्रत्येक रात्री 50 कोरुना आहे, तर ॲम्स्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. रात्री उशिरा पोचल्यावर किल्ली कशी मिळणार? ऑस्ट्रिया आणि जर्मनीतली लहान अतिथीगृहे संध्याकाळी स्वागतकक्ष बंद करतात आणि आधी कळवले तर दाराच्या पेटीचा आकडा देतात. रविवारी खोली सोडल्यावर सामान कुठे ठेवायचे? आणि स्वयंपाकघर वापरता येते का? ज्यांच्यासोबत पूर्ण शाकाहारी मित्र आहेत, त्यांनी तिसरा प्रश्न पहिला विचारावा.

तपासणी: राखून ठेवलेल्या जागेपासून स्थानकापर्यंत रात्री अकरानंतर काय चालते, हे शुक्रवारची तारीख टाकूनच पाहावे. दिवसा दहा मिनिटांनी असणारी ट्राम रात्री अर्ध्या तासाने असते.

टप्पा 5: प्रवासाची तिकिटे

*रेल्वे.* जर्मन रेल्वेची स्वस्त तिकिटे दोन प्रकारची असतात. ‘झुपर श्पारप्राइस’ सर्वांत स्वस्त असते, पण ते रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. ‘श्पारप्राइस’ थोडे महाग असते आणि प्रवासाच्या दिवसाआधी शुल्क कापून रद्द करता येते. दोन्ही तिकिटांवर लिहिलेल्या गाडीनेच जावे लागते. गटातल्या एकाचे जरी येणे अनिश्चित असेल, तर त्याचे तिकीट वेगळे काढावे. सर्वांचे मिळून एकच तिकीट काढले, की एकाचा बदल सर्वांच्या गळ्यात येतो. तिकिटात आसन धरलेले नसते, ते वेगळे घ्यावे लागते, आणि शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीत ते घेतलेच पाहिजे. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांमध्ये आरक्षणाशिवाय चढताच येत नाही.

डॉइचलांडटिकीट (देशभर चालणारा मासिक पास) किंवा विद्यापीठाचे सेमिस्टर तिकीट असणाऱ्यांनी सीमेपर्यंतचा प्रवास त्यावर करावा. डॉइचलांडटिकीट प्रादेशिक गाड्यांत चालते. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. त्यावर साल्झबुर्ग आणि कुफ्श्टाइन या ऑस्ट्रियातल्या स्थानकांपर्यंत जाता येते. स्ट्रासबुर्गसाठी सीमेवरच्या ‘केल’ या जर्मन गावापर्यंत जावे आणि तिथून राइन नदी ओलांडणारी डी मार्गाची ट्राम स्वतंत्र तिकीट काढून घ्यावी. ज्यांच्याकडे हे तिकीट नाही अशा पाच जणांना बायर्नमध्ये बायर्न-टिकीट स्वस्त पडते. ते शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालते, शुक्रवारी मात्र सकाळी नवानंतरच, आणि त्यावरही साल्झबुर्गला जाता येते.

सावधान: घरापासून मोठ्या स्थानकापर्यंत डॉइचलांडटिकीट आणि पुढे झुपर श्पारप्राइस, अशी जोडणी अनेक जण करतात. ही दोन स्वतंत्र तिकिटे आहेत. प्रादेशिक गाडीला उशीर होऊन पुढची गाडी चुकली, तर स्वस्त तिकीट वाया जाते. घरापासून शेवटपर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि शेवटच्या स्थानकावर 20 मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसत असेल, तर गाडीचे बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. जोडून तिकिटे वापरायचीच असतील, तर मध्ये किमान एक तास ठेवावा.

बाह्नकार्ड 25 हे जर्मन रेल्वेचे सवलतीचे कार्ड घेतले असेल, तर ते मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू होते. ते बंद करण्याचा अर्ज मुदतीच्या चार आठवडे आधी करावा लागतो. ही तारीख विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून कार्ड घेतल्या दिवशीच अर्ज करून टाकावा. कार्ड वर्षभर चालूच राहते.

*विमान.* तिकिटावरचे नाव पारपत्राप्रमाणेच हवे. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या पारपत्रावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच ओळीत छापलेले असते आणि आडनाव वेगळ्या ओळीत. तिकीट काढणारा मित्र नुसते हाक मारायचे नाव लिहून मोकळा होतो आणि पुढे दुरुस्तीला पैसे पडतात. पारपत्राचे पान समोर ठेवून, ‘दिलेले नाव’ या ओळीतले सर्व शब्द ‘दिलेले नाव’ याच रकान्यात भरावेत.

स्वस्त कंपन्यांत फुकट मिळते ती फक्त आसनाखाली बसणारी लहान बॅग, आणि तिची मापे कंपनीगणिक बदलतात. रायनएअर आणि विझ एअर यांचे माप 40×30×20 सेंटिमीटर आहे, ईझीजेटचे 45×36×20. बॅग भरल्यावर फुगते, म्हणून भरलेल्या अवस्थेत मोजावी. ऑनलाइन चेक-इन ठरल्या वेळेत न केल्यास विमानतळावर तिकिटाहून अधिक शुल्क पडू शकते. काही कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या पारपत्रधारकांची कागदपत्रे सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर पाहतात. त्यासाठी अर्धा तास धरून ठेवावा आणि चेक-इन करतानाच तशी सूचना आली आहे का, ते वाचावे.

*भाड्याची गाडी.* जर्मनीत निवास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंतच भारतीय वाहन परवाना चालतो. त्यानंतर तो दाखवून गाडी चालवणे म्हणजे परवान्याविना चालवणे ठरते. आंतरराष्ट्रीय परवाना जोडला म्हणून ही मुदत वाढत नाही. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि गुन्हाही नोंदला जातो. जर्मन परवाना असणारा गटात कुणी नसेल, तर हा पर्याय सोडून द्यावा. असेल, तर गाडी परदेशात नेण्याची परवानगी करारात लिहून घ्यावी आणि महामार्गाच्या पथकराचे पाहावे: ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताकात थोड्या दिवसांचे विन्येट (पथकर भरल्याचे स्टिकर किंवा ऑनलाइन नोंद) मिळते, स्वित्झर्लंडमध्ये मात्र वर्षाचेच, 40 फ्रँकचे.

टप्पा 6: ठरावीक वेळेची प्रवेशतिकिटे

प्रवासाचे तिकीट पक्के झाल्यावर त्याच दिवशी हे काम करावे. ॲम्स्टरडॅममधील ॲन फ्रँक हाउसची तिकिटे दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी खुली होतात आणि लगेच संपतात. दारावर तिकीट मिळत नाही. बार्सिलोनाचे साग्रादा फामिलिया आणि पॅरिसचे लूव्र यांनाही वेळ आधी राखावी लागते. दिवसाला असे एकच ठिकाण ठेवावे आणि ते सकाळी ठेवावे.

विद्यार्थ्यांना एक सवलत ठाऊक नसते. फ्रान्सच्या लूव्रसारख्या राष्ट्रीय संग्रहालयांत युरोपीय संघात दीर्घकाळ राहणाऱ्या 26 वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे. नागरिकत्व भारतीय असले तरी चालते. पुरावा म्हणून रेसिडेन्स परमिट दाखवावे लागते आणि विनामूल्य तिकिटाचीही वेळ राखावी लागते.

टप्पा 7: आठवडाभर आधी विमा, पैसे आणि फोन

सरकारी आरोग्य विमा असणाऱ्यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेले असते. त्यावर युरोपीय संघातील बहुतेक देशांत तातडीचे उपचार तिथल्या नागरिकांसारखेच मिळतात. मात्र बिगर-युरोपीय नागरिकांना हे कार्ड डेन्मार्क, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन येथे वापरता येत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण बाझेल, झुरिक किंवा कोपनहेगनला याच कार्डाच्या भरवशावर जातात, आणि तिथे पाय मुरगळला तरी बिल जड जाते. परदेश प्रवासाचा वार्षिक आरोग्य विमा थोड्या युरोंत मिळतो. तो प्रत्येकाने घ्यावा. रुग्णाला जर्मनीत परत आणण्याचा खर्चही त्या युरोपीय कार्डात नसतो, वेगळ्या विम्यात असतो.

जर्मन बँकेचे जिरोकार्ड (जर्मनीतले डेबिट कार्ड) पुष्कळदा बाहेरच्या देशांत चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे का, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट आणि पोलंडमध्ये झ्लॉटी चालतो. तिथल्या एटीएमवर किंवा दुकानातल्या यंत्रावर ‘युरोमध्ये रक्कम घ्यायची का’ असे विचारले जाते. नेहमी तिथले स्थानिक चलन निवडावे, कारण यंत्राचा दर बँकेच्या दराहून वाईट असतो.

फोनचे रोमिंग युरोपीय संघात 2017 पासून वेगळ्या शुल्काविना चालते. स्वित्झर्लंड त्यात आपोआप येत नाही. बाझेलच्या गाडीत बसण्यापूर्वी आपल्या योजनेत स्वित्झर्लंड आहे का, हे पाहावे आणि नसेल तर डेटा रोमिंग बंद करून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. कुठेही अडचण आली तर 112 हा क्रमांक चालतो.

टप्पा 8: सामान आणि डबा

पाठीवरची एक बॅग पुरते. पारपत्र आणि परमिट अंगावरच्या आतल्या खिशात, पाण्याची रिकामी बाटली, सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी 50 सेंट आणि एक युरोची नाणी, आणि दगडी रस्त्यांवर दिवसभर चालता येईल असे आधी वापरलेले बूट.

शुक्रवारच्या रात्रीचा डबा घरून न्यावा. धपाटे किंवा दशम्या दोन दिवस टिकतात आणि कोरड्या शेंगदाण्याच्या चटणीसोबत गाडीत खाता येतात. विमानात जाताना लोणचे, ठेचा, तूप आणि दही हे पदार्थ द्रवांच्या नियमात धरले जातात. 100 मिलिलिटरहून मोठा डबा सुरक्षा तपासणीत काढून घेतला जाऊ शकतो. रविवारच्या नाश्त्याचे सामान शनिवारीच घ्यावे, कारण जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात आणि उघडी असतात ती मोठ्या स्थानकांतली महागडी.

टप्पा 9: प्रत्यक्ष दोन दिवस

शहरात उतरल्यावर पहिले काम स्थानिक वाहतुकीचे तिकीट. प्राग आणि बुडापेस्टमध्ये कागदी तिकीट यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवावी लागते. खिशातले कोरे तिकीट विनातिकीट धरले जाते आणि तिकीट तपासनीस पर्यटक म्हणून सवलत देत नाहीत. ॲम्स्टरडॅममध्ये बँकेचे कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवावे लागते, आणि एका कार्डावर एकच माणूस जाऊ शकतो. चार जणांनी एकच कार्ड चार वेळा टेकवण्याचा प्रयत्न करू नये.

शनिवारी सकाळी ठरलेले एक ठिकाण, दुपारी चालत फिरणे आणि संध्याकाळी चार ते सहा मोकळे, एवढा आराखडा पुरेसा आहे. त्या दोन तासांत ज्याला संग्रहालय पाहायचे त्याने ते पाहावे, ज्याला झोपायचे त्याने झोपावे, आणि पुन्हा भेटायची जागा व वेळ आधीच ठरलेली असावी. मैत्री टिकवण्यात या मोकळ्या वेळाचा वाटा मोठा असतो, असे मला मनापासून वाटते.

खर्च झाला, की तिथल्या तिथे स्प्लिटवाइजसारख्या ॲपमध्ये नोंदवावा. रात्री आठवून लिहू म्हटले, की कॉफी आणि ट्रामचे पैसे नेहमी एकाच माणसाच्या अंगावर पडतात. जे मद्य घेत नाहीत त्यांच्या वाट्याला पेयांचे बिल लावू नये. जेवण आणि पेये यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

तपासणी: शनिवारी झोपण्यापूर्वी रविवारची गाडी वेळेवर आहे का, ती कोणत्या स्थानकावरून सुटते आणि रुळांच्या दुरुस्तीमुळे बदल झाला आहे का, हे पाहावे. जर्मनीत रुळांची कामे बऱ्याचदा शनिवार-रविवारीच काढली जातात.

टप्पा 10: परतीचा प्रवास आणि नंतरची कामे

रविवारी परतताना शेवटची गाडी घेऊ नये, शेवटून दुसरी घ्यावी. शेवटची गाडी रद्द झाली किंवा तिला उशीर होऊन जोडगाडी सुटली, तर रात्र स्थानकावर काढावी लागते आणि सोमवारची सकाळ जाते. बसने येत असाल, तर सीमेवरच्या तपासणीत लागणारा वेळ धरून घरी पोचण्याची वेळ मोजावी.

उशीर झाला तर पैसे मागावेत. बहुतेक जण आळसाने सोडून देतात. रेल्वेने मुक्कामाच्या स्थानकावर 60 मिनिटे उशीर केला, तर भाड्याच्या 25 टक्के आणि 120 मिनिटांना 50 टक्के परत मिळतात. मागणी तीन महिन्यांच्या आत करावी लागते. मात्र उशीर कंपनीच्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने झाला असेल, तर रेल्वे भरपाई नाकारू शकते. विमान तीन तास किंवा अधिक उशिरा पोचले, उड्डाण 1500 किलोमीटरपर्यंतचे असले आणि कारण कंपनीच्या आवाक्यातले असले, तर प्रत्येकी 250 युरो मागता येतात. त्यासाठी तिकीट, बोर्डिंग पास आणि उशिराच्या सूचनेचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. सर्वांचे तिकीट एकाने काढले असेल, तर परत आलेली रक्कम कोणत्या खात्यात येणार आणि ती कशी वाटायची, हे हिशेब पाहणाऱ्याने त्याच रात्री ग्रुपवर लिहावे आणि उरलेले देणे-घेणे बुधवारपर्यंत बँकेतून पूर्ण करावे.